मालनने मोजलेली तोप

"तोप आहे ती, मालन. ब्लाउज नाही," मी म्हणालो.

मालन शिलाईची टेप गळ्यात अडकवून तोपेशेजारी उकिडवी बसली होती. टेपचं एक टोक तिनं तोपेच्या पोटाखालून ओढून घेतलं होतं. माझं बोलणं ऐकून केणी सर हसले. मालनही हसली, पण टेप तशीच धरून राहिली.

"माझ्या टेपनं मी दहा वर्षं मापं घेते," ती म्हणाली. "एकही बाई कपडा परत घेऊन आली नाही."

"कापडी टेप ताणते. आमच्या कामात चालत नाही ती. ही घे."

मी पिशवीतून माझी एक मीटरची पोलादी पट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. गोल भागाची जाडी धरायला मोठा कॅलिपरही दिला, त्याचं अंतर पट्टीवरच वाचायचं. तिनं टेप गुंडाळून कमरेला खोचली.

"बघा हं," ती म्हणाली. "नंतर म्हणाल, हिनं मनाची मापं लिहिली."

"लिही तू नीट, म्हणजे झालं."

या गोष्टीला पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. किल्ला कोकणातला, समुद्राकाठचा. गावाचं नाव लिहीत नाही. केणी सर आता नाहीत, पण त्यांच्या घरचे आहेत, आणि त्यांची यात काही चूक नव्हती.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. म्हणजे जी वस्तू धातूची ओतायची, ती आधी लाकडात करायची. ती लाकडी वस्तू वाळूत दाबतात, तिचा ठसा उमटतो, त्या ठशात धातू ओततात. आमचे मिस्त्री त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी मी की रंकाळ्याकडचा बापू, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

त्यात हे तोपेचं काम आलं. केणी सर त्या गावात एक छोटं संग्रहालय चालवत. किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या बुरुजावर पूर्वी दोन जुळ्या तोपा होत्या, त्यांतली एक कधीच नाहीशी झाली होती. उरलेली पोर्तुगिजांची, साडेचारशे वर्षांपूर्वीची, काशाची. तिच्या जोडीला तशीच नवी ओतून बसवायची असं सरांच्या मनात होतं. आमच्या मालकांनी मला पाठवलं. "ड्रॉइंग बघून ये, पॅटर्न जमेल का सांग," म्हणाले. मालनला मी बरोबर नेलं, कारण मला रेघ सरळ मारता येते पण ड्रॉइंग देखणं काढता येत नाही. तिची इंटरमिजिएटची परीक्षा झाली होती, ए ग्रेडमध्ये. पुढं चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं तिला. त्याऐवजी माझ्याशी लग्न झालं. माझी कारखान्याची ड्रॉइंगं ती रविवारी घरी बसून शाईनं पक्की करायची. ते कोणाला माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो त्या दिवशी केणी सरांनी टेबलावर कागदांचा गठ्ठा टाकला. परदेशातल्या जुन्या पुस्तकांतून काढलेल्या झेरॉक्स होत्या. तोपाच तोपा. आडव्या काढलेल्या, उभ्या चिरून दाखवलेल्या, अंगावर पट्टे, ढाली, वेलबुट्टी. कडेला परकी अक्षरं.

"युरोपात प्रबोधनाचा काळ चालू होता ना, तेव्हाच्या या आकृत्या," सर म्हणाले. "यातली एखादी आपल्या तोपेशी जुळली, तर काम सोपं. पण यात माप कुठंच लिहिलेलं नाही. मी महिनाभर बघतोय. नुसते आकडे आहेत. दोन, सात, साडेतीन. दोन काय? हात? वीत?"

मी बघितलं. मलाही कळेना. मालननं तीन-चार कागद पुढं ओढले. पदराखालून टेप काढली, पण मोजलं नाही, नुसतं बोट ठेवत गेली.

"तोंड आहे सर ते," ती म्हणाली.

"कसलं तोंड?"

"तोपेचं. हे भोक आहे ना, ते म्हणजे एक. त्याच्या दुप्पट ही मागची जाडी, म्हणून दोन. चेहरा काढायला शिकवतात बघा, एका डोळ्याच्या मापानं सगळा चेहरा मोजायचा. तसं हे तोंडाच्या मापानं सगळं अंग मोजलंय."

केणी सरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. त्यांनी स्वतः दोन कागदांवर पडताळून बघितलं.

"सुतार," ते मला म्हणाले, "तुम्ही कोणाला घेऊन आलात?"

"बायको आहे," मी म्हणालो.

"ते कळलं हो."

मग दुपारभर सरांनी आणि मालननं मिळून एकेक आकृती तोपेच्या फोटोशी ताडून पाहिली. कुठली तोंडाशी जुळायची, पण शेपटाशी नाही. एका आकृतीत उचलायच्या कड्या माशाच्या आकाराच्या होत्या, आमच्या तोपेला होत्या तशाच. सर खूश झाले. मालन म्हणाली, "नाही सर. आपल्या तोपेला गळ्याशी तीन पट्टे आहेत. हिला दोनच." शेवटी ठरलं की आपल्या तोपेचं ड्रॉइंग आपणच नव्यानं काढायचं.

चहा पिताना सर सहज बोलावं तसं बोलले. "सुतारबाई, एक विचारू? या किनाऱ्यावर तेवीस किल्ल्यांत तोपा पडून आहेत. एकीचंही नीट ड्रॉइंग नाही. कोणी विचारलं, त्या काळची तोप कशी होती, तर मी त्याला या परदेशातल्या झेरॉक्स देतो. आपल्या दारात उभी आहे ती दाखवता येत नाही. मला दोन वर्षांसाठी माणूस नेमायची मंजुरी मिळाली आहे. मोजायचं आणि काढायचं. हे एक ड्रॉइंग बरोबर झालं, तर ते दाखवून मी तुमचं नाव पुढं पाठवतो. महिन्यातून आठ दिवस यावं लागेल."

मालन माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "बघू की." मला तेव्हा अभिमानही वाटला होता. हे खोटं लिहीत नाही. आणि थोडं टोचलंही होतं. सर सगळ्या दुपारभरात माझ्याशी चारच वाक्यं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी बुरुजावर, तिला पट्टी दिल्यावर, आम्ही कामं वाटून घेतली. तोपेच्या पाठीवर ढाल आणि फुलं कोरलेली होती, त्यांचा ठसा मी प्लास्टरमध्ये घेत होतो. माप मालन घेत होती. दोन दोनदा घ्यायची. पट्टी ठेवायची, खडूनं खूण करायची, आकडा मोठ्यानं म्हणायची, वहीत लिहायची. मग उलट्या बाजूनं परत. एकदा मला हाक मारून म्हणाली, "अहो, ही तोप किती नीट केलीय बघा. सगळे पट्टे मोजून बेरीज केली आणि एकदम लांबी मोजली, दोन्ही सारखंच येतंय. एक मिलिमीटरचाही फरक नाही."

"मग बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणून तर सांगतेय."

संग्रहालयाच्या खोलीत तिनं मोठा कागद ताणून लावला आणि दीड दिवस ती त्यावर ओणवी होती. मी जेवण आणून द्यायचो. ड्रॉइंग झालं तेव्हा मी वाकून ते या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं. तोप जशी बुरुजावर होती तशी कागदावर उतरली होती. कड्यांच्या माशांचे खवलेसुद्धा.

"कोपऱ्यात नाव लिहायचं असतं ना?" तिनं विचारलं. "मोजणी आणि रेखाटन म्हणून. माझं पूर्ण लिहू?"

"नुसतं मा. धों. सुतार लिही. जागा कमी आहे."

तिनं जागेकडं बघितलं. जागा होती. तिनं मा. धों. सुतार लिहिलं.

निघायच्या दिवशी सकाळी केणी सर कागद हातात घेऊन आले. चेहरा पडलेला.

"सुतारबाई, ड्रॉइंग सुंदर आहे. पण मला जुन्या दप्तरात एक नोंद सापडली. इंग्रजांच्या वेळी कोणीतरी हीच तोप मोजली होती. आठ फूट एक इंच. तुमची दीड इंच कमी आहे."

"दीड इंच?" मालन म्हणाली. "साहेबानं चुकीची मोजली असेल."

"असेलही. म्हणून मी टेप आणली आहे. चला, एकदा बघून घेऊ."

आम्ही तिघं बुरुजावर गेलो. सरांची टेप नवी, लोखंडी, डबीतून ओढायची. एक टोक मी तोपेच्या शेपटाशी धरलं, दुसरं सरांनी तोंडाशी.

"दोन हजार चारशे साठ," सर म्हणाले. "कागदावर काय आहे?"

"चोवीसशे चोवीस," मालन म्हणाली. तिला बघून सांगावं लागलं नाही.

सरांनी मागची जाडी घेतली. तीनशे शहाण्णव. कागदावर तीनशे नव्वद. तोंडाची बाहेरून जाडी दोनशे बहात्तर. कागदावर दोनशे अडुसष्ट.

"एकही बरोबर नाही," सर म्हणाले. रागानं नाही. मला वाटतं त्यांनाच वाईट वाटलं होतं.

छत्तीस. सहा. चार. ते आकडे ऐकले आणि माझ्या हातातून टेपचं टोक सुटलं. टेप सर्रकन डबीत गेली.

इथं मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून लाकडाचा पॅटर्न खऱ्या वस्तूपेक्षा थोडा मोठा करायचा असतो. दर मापाला हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्याकडं वेगळी पट्टी असते, श्रिंकेजची. तिच्यावर एक मीटर लिहिलेलं असतं, पण ती असते एक मीटर आणि वर पंधरा मिलिमीटर. आखणी तिच्यावर तशीच असते, थोडी ताणलेली. डोळ्याला कळत नाही. पॅटर्न करताना तिनं मोजलं की धातू आकसून बरोबर मापावर येतो. पण तयार वस्तू तिनं मोजली, तर प्रत्येक माप हजारी पंधरा कमी येतं. लांबी असो की जाडी, सगळं सारख्याच हिशेबानं.

कामावर येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ही पट्टी बाकावरनं हलवायची नाही. माझ्या श्रिंकेजच्या पट्टीला मी मागच्या बाजूनं लाल रंगाचा ठिपका दिला होता. निघायच्या पहाटे मी घाईत भिंतीवरची एक पट्टी काढून पिशवीत टाकली होती. ठिपका बघितला नव्हता.

मला तिथंच, त्याच क्षणी सगळं कळलं. मालनच्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीतून पट्टीचं टोक वर आलेलं होतं.

"मी परत मोजते," मालन म्हणाली. "सर, पाच मिनिटं द्या. मी दोनदा मोजलंय सगळं. असं कसं होईल?" तिनं पट्टी काढायला हात घातला.

तिनं ती पट्टी सरांच्या टेपशेजारी ठेवली असती तर संपलं होतं. सरांनी विचारलं असतं, ही कसली पट्टी. मग ते मालकांना कळलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत उद्यमनगरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर. धोंडीरामनं श्रिंकेजच्या पट्टीनं तोप मोजली. बापू तर जन्मभर मला तोपेवरून हाक मारत बसला असता. मिस्त्रीची जागा कोणाला, हे विचारायलाही नको.

मी पुढं होऊन तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"राहू दे आता," मी म्हणालो. "सरांचा किती वेळ घेणार?"

"अहो, पण..."

"सर, चूक झाली," मी म्हणालो. "असलं काम तिनं कधी केलेलं नाही. बायकामाणसाकडनं व्हायचंच."

मालन माझ्याकडं बघत राहिली. पिशवीचा बंद ओढला गेल्यानं तिचा पदर खांद्यावरून सरकला होता, तो तिनं सावकाश नीट केला.

केणी सर म्हणाले, "असो. सुतार, तोपेचं काम मी तुमच्याकडंच देणार आहे. मापं मी स्वतः घेऊन कळवतो." मग ते मालनकडं वळले. "बाई, हात छान आहे तुमचा. घरी चित्रं काढत राहा."

खाली ऑफिसात त्यांनी तो कागद टेबलावर पसरला, लाल शाईनं वरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'मापे विश्वासार्ह नाहीत', आणि सही केली.

"फाडून टाका की सर," मालन म्हणाली.

"आम्ही काही फाडत नाही," सर म्हणाले. "सगळं ठेवतो."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. पिशवी माझ्या पायाशी. घाट सुरू व्हायच्या आधी मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा पिशवी तिच्या मांडीवर होती. तिनं पट्टी बाहेर काढली होती. दोन्ही गुडघ्यांवर आडवी ठेवली होती आणि तिच्यावर स्वतःची कापडी टेप पसरून धरली होती. टेपवर शंभर सेंटीमीटर जिथं संपले तिथं तिनं अंगठ्याचं नख ठेवलं होतं. पट्टी त्याच्या पुढं दीड सेंटीमीटर राहिली होती.

मी डोळे मिटून घेतले. पण तिनं बघितलं होतं.

"हा लाल ठिपका तुम्ही दिलाय?" तिनं विचारलं.

"हो."

"कशाला?"

"ओळखायला."

"काय ओळखायला?"

"माझी पट्टी आहे म्हणून."

ती थांबली. पुष्कळ वेळ थांबली. पुढच्या बाकावरची बाई पोराला केळं सोलून देत होती. कंडक्टर घंटी ओढून परत जागेवर बसला. मालन माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. पाहुण्याला वाढताना, अजून घेणार का म्हणून बघतो ना आपण, तशी बघत होती.

"आणखी काही सांगायचंय?" ती म्हणाली.

"काय सांगायचं?"

तिनं टेप गुंडाळली. पट्टी पिशवीत ठेवली, ठिपका वर करून.

"पुढच्या स्टँडवर चहा घेऊ या," ती म्हणाली.

तोप झाली. मी पॅटर्न केला, चांगला झाला. बसवायच्या दिवशी मी एकटाच गेलो. तोपेच्या चौथऱ्यावर आमच्या कारखान्याचं आणि माझं नाव असलेली पाटी आहे. दिवाळीनंतर मी मिस्त्री झालो.

मालन माझ्याशी कधी वाईट वागली नाही. भांडली नाही, आठवण काढली नाही. तिनं एवढंच केलं की पुन्हा ड्रॉइंगला हात लावला नाही. मी रविवारी कागद पुढं ठेवला तर म्हणायची, "माझा हात बसत नाही आता." आणि घरात काहीही मोजायचं असलं, पडदा, फळी, गॅसच्या ओट्याची लादी, की टेप माझ्यासमोर धरायची. "तुम्हीच मोजा." शिलाईसुद्धा तिनं दोन वर्षांत बंद केली. मी दर वेळी टेप घ्यायचो आणि मोजायचो.

शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हा एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "मालन, ती पट्टी..."

"कुठली?" ती म्हणाली.

तिला माहीत होतं कुठली. मलाही माहीत होतं की तिला माहीत आहे. एक वाक्य तेवढं पुढं म्हणायचं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी देऊ?"

तिनं पाणी घेतलं. नऊ दिवसांनी ती गेली. त्याला आता वर्ष होईल.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक मुलगी मला शोधत घरी आली. मृण्मयी दाभाडे नाव. एका सिनेमासाठी पोर्तुगिजांचं जहाज उभारतायत, त्यावरच्या तोपा ती तयार करते. कॉम्प्युटरवर आधी, मग फायबरमध्ये.

"काका, तुम्हाला शोधायला मला तीन आठवडे लागले," ती म्हणाली. "त्या काळच्या तोपांची ड्रॉइंगं मी सगळीकडं शोधली. परदेशातली ढीगभर मिळाली. पण दिग्दर्शक म्हणतात, आपल्या किनाऱ्यावर होती तशी हवी. मग एका संग्रहालयात हे मिळालं. तिथल्या रजिस्टरात तुमच्या फाउंड्रीचा पत्ता होता."

तिनं मोठी प्रिंट माझ्यासमोर पसरली. लाल अक्षरंसुद्धा तशीच आली होती.

"तिथं जाऊन तोपच मोज की," मी म्हणालो.

"तुम्हाला कळलं नाही? तो बुरूज तीन वर्षांपूर्वी समुद्रात गेला. दोन्ही तोपा गेल्या. काढता आल्या नाहीत. केणी सरांनी घेतलेल्या मापांतले पाच-सहा आकडेच मिळाले, फाउंड्रीतही काही उरलेलं नाही. एवढं सगळं टिपलेलं हे एकच आहे." तिनं लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "आणि याच्यावर हे लिहिलंय. पण काका, मला हे पटत नाही. मी सगळी मापं कॉम्प्युटरमध्ये घातली. एकशे बारा मापं आहेत. सगळी एकमेकांत बसतात. बेरजा जुळतात, तोंडाच्या मापानं सगळी प्रमाणं जुळतात. वेंधळ्या माणसाच्या हातून असं होत नाही. ज्यानं कोणी मोजलंय त्याचा हात सोन्याचा आहे. हे मा. धों. सुतार म्हणजे तुमचे भाऊ का?"

"माझी बायको."

"त्या आहेत?"

"नाहीत."

त्या मुलीनं प्रिंटवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "सॉरी काका. मग तुम्हीच सांगा. हे असं का लिहिलं?"

"पट्टी चुकीची होती," मी म्हणालो. "श्रिंकेजची. प्रत्येक मापात हजारी पंधरा मिळव. सगळं बरोबर येईल."

तिनं फोन काढून तिथंच हिशेब केला. चोवीसशे चोवीसचे चोवीसशे साठ झाले. दोनशे अडुसष्टचे दोनशे बहात्तर. केणी सरांचे आकडे तिच्याजवळ होते, त्यांच्याशी ताडून बघितले. ती हसायलाच लागली.

"एवढंच? एका ओळीची टीप लिहिली असती तरी चाललं असतं! तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी प्रिंटचा वळलेला कोपरा सपाट केला.

"पण त्यांच्याकडं ही पट्टी आली कुठून? कोणी दिली?"

"चहा घेतेस ना?" मी म्हणालो आणि उठलो.

स्वयंपाकघरात मी आधण ठेवलं. साखर घातली. पाणी उकळायला लागलं तरी मी पावडर हातात घेऊन तसाच उभा होतो. बाहेर ती मुलगी कागद घडी करताना ऐकू येत होती. तिला हवं ते मिळालं होतं. चहा पिऊन ती गेली असती.

मी गॅस बंद केला आणि बाहेर आलो. चहा न घेताच.

"मी दिली," मी म्हणालो. "ती तिच्या टेपनं मोजत होती. तिची टेप बरोबर होती. मी ती काढायला लावली. आणि मला त्याच दिवशी कळलं होतं."

मृण्मयीनं कागद पुन्हा उघडला. माझ्याकडं बघितलं नाही, ते बरं केलं.

"त्यांना कळलं होतं?" तिनं विचारलं.

"हो. घाटाच्या अलीकडं."

तिनं पेन काढलं. "मी संग्रहालयाला लिहून पाठवते. ही टीप ड्रॉइंगसोबत ठेवतील ते. सिनेमातही श्रेयनामावलीत घालते. नाव मा. धों. सुतार असंच घालू?"

"नाही. मालन धोंडीराम सुतार. पूर्ण लिही."

तिनं लिहिलं.

"आता खाली लिही, श्रिंकेजची पट्टी धोंडीराम सुतार यांनी दिली. त्यांना माहीत असून त्यांनी सांगितलं नाही."

तिचं पेन थांबलं. "काका, हे एवढं कशाला? नुसतं हजारी पंधरा लिहिलं तरी पुरेल. आणि इथं जागाही कमी आहे."

"जागा आहे," मी म्हणालो. "लिही."